देणे लागतो

नाशिकच्या न्यायालयाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी मांडीसमोर घेऊन माझे वडील कर्जरोखे लिहीत. आणि लिहून देणाराचे नाव, वस्ती व अक्षरी रक्कम पार पडल्यावर प्रत्येक दस्तऐवजात जे वाक्य अटळपणे येई, ते ‘सदर रक्कम मी तुमचे देणे लागतो’ हे होय. मजकूर वाचून दाखविताना वडील ‘देणे लागतो’ या दोन शब्दांशी किंचित थांबत, आणि समोरचा कुणबी, अंगठ्याला शाई लागण्यापूर्वीच, मान खाली घाली.

मला त्या ‘लागणे’चे मोठे नवल वाटे. ठेच लागते, भूक लागते, तसेच शाळेत जावे लागते. मी आपला ‘मला’ या चतुर्थीच्या आडोशाला उभा, आणि जे व्हायचे ते बाहेरून येऊन अंगाला चिकटते. ‘पाहिजे’ हेही ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप; त्यामुळे आमची आजी पंचवटीत कोणाकडे गेली, की ‘आता निघायला पाहिजे’ असे म्हणे आणि, निघण्याची जबाबदारी वाक्यात कोणावरच नसल्याने, पुढे तासभर निश्चिंतपणे बसून राही.

साठी उलटल्यावर, मुलीचा संसार माद्रिदला असल्यामुळे आणि नातवाशी त्याच्या बोलीत बोलता यावे म्हणून, मी स्पॅनिशचे व्याकरण उघडले. तेथे ‘मला जावे लागते’ याला ‘तेंगो के इर’ म्हणतात. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे, धरणे. आपल्याला जी गरज लागते, ती हा मनुष्य मुठीत धरून प्रथमेत ताठ उभा राहतो. ‘आय के’ या दुसऱ्या प्रयोगात मात्र कर्ताच नाही. काम व्हायला हवे, एवढेच. आजीला तो एका दिवसात साधला असता!

तिसरे क्रियापद ‘देबेर’ मला पुस्तकाने नव्हे, नातवाने शिकविले. पत्त्यांत मी हरलो, तेव्हा तो गंभीर मुद्रेने म्हणाला, “आबा, मे देबेस दिएथ एउरोस.” कर्तव्य आणि कर्ज यांना तेथे एकच क्रियापद आहे, मूळ लॅटिन ‘देबेरे’चा अर्थ, दुसऱ्याचे काही आपल्याजवळ असणे. पितृऋण मानणाऱ्या आपल्या मनाला हे परके कसे वाटावे? मला तर निंबाची सावली आणि वडिलांचा तो क्षणभराचा विराम आठवला.

युरो त्याला नको होते. ‘तुमच्या गावची नोट’ हवी होती, कारण नाशिकरोडच्या मुद्रणालयात 1928 पासून नोटा छापल्या जातात, हे मीच त्याला सांगितले होते. मी शंभराची नोट काढून तिच्यावरील, धारकास रक्कम अदा करण्याचे गव्हर्नरांचे वचन त्याला वाचून दाखविले. हिशेबाने बरीच बाकी उरली. तिचा तगादा तो दर रविवारी दूरध्वनीवरून न चुकता लावतो, आणि मीही दर रविवारी, वडिलांप्रमाणे किंचित थांबून, ‘देबो’ म्हणतो. फेडण्याची घाई मात्र करीत नाही.