काकांचा परवाना

माझं मराठी निम्मं शाळेने घडवलं आणि निम्मं मुंबई आकाशवाणीने. बडोद्याला वाडीत आमच्या वाड्यात पाच-सहा मराठी बिऱ्हाडं होती. रेडिओ मात्र एकच, माडीवरच्या काकांचा. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली जाळीदार पट्टीची एरियल ही त्याची खूण. बडोद्याला संस्थानी काळापासून स्वतःचं केंद्र होतं, पण मराठीसाठी जीव मुंबईवर. दिवसा ती धड लागायची नाही. मध्यम लहरी रात्री लांब पोचतात, म्हणून जेवणं उरकली की काका हलक्या हाताने काटा फिरवत बसत. खरखर निवळली की ‘आपली आवड’ सुरू आणि जिन्याच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे.

हे ऐकणं फुकट नव्हतं. तेव्हा रेडिओला परवाना लागे आणि त्याचे वर्षाचे १५ रुपये पोस्टात भरावे लागत. परवान्याच्या पुस्तिकेत तिकिटं चिकटवून वर शिक्का मारून मिळे. वाड्यातली बिऱ्हाडं त्यासाठी गणपतीसारखी वर्गणी काढत. वडिलांची नोकरी सुटली त्या वर्षी आई म्हणाली, “भावजी, आमचे पुढच्या महिन्यात देते.” काका म्हणाले, “वहिनी, पोरं ऐकतायत ना? झालं तर मग.” ते पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच. आज काका नाहीत.

ऐकणाऱ्यांनी हात आखडला तर काय होतं, हे मुंबईने फार पूर्वी पाहिलं आहे. १९२७ साली तिथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. तिची भिस्त मुख्यतः परवान्याच्या पैशांवर. परवाने पुरेसे निघाले नाहीत आणि १९३० साली कंपनी बुडाली. पुढे सरकारने रेडिओ हाती घेतला, १९८०च्या दशकात परवानाही गेला आणि रेडिओसाठी खिशात हात घालायची आपली सवय मोडली.

पण आजही काही केंद्रांना अशा हातांची गरज आहे. साताऱ्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८पासून माणदेशातल्या बायाबापड्यांच्या बोलीत बोलते आहे. अशा सामुदायिक केंद्रांचा आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेवढ्यासाठी मोठा जाहिरातदार कुठून येणार?

काकांचे पैसे मी आता अशा केंद्रांना देतो. तुमच्याही वाटची वर्गणी कधीतरी कुणीतरी भरली असेल. जवळचं सामुदायिक केंद्र शोधा आणि ती फेडा.