वारेची जाडी आणि बाळाची वाढ

धुळे

चि. सौ. भाचीस,

बत्तिसाव्या आठवड्याच्या रिपोर्टात वारेची जाडी 38 मिलिमीटर आली, म्हणून तू घाबरलीस. फोनवर धीर दिला, पण नीट समजावून सांगायचं राहिलं.

बाळाला प्राणवायू आणि पोषण वारेतूनच मिळतं. नाळ वारेला जिथं जोडलेली असते, साधारण तिथं हे माप घेतात. जितके आठवडे, तितके मिलिमीटर, हा ढोबळ हिशेब. चाळीसच्या वर गेलं, तर डॉक्टर रक्तक्षय, मधुमेह, जंतुसंसर्ग तपासतात. फार पातळ असेल, तर तुझा रक्तदाब आणि बाळाची वाढ बघतात. माप घेताना गर्भाशय आकुंचन पावलं असलं, तरी वार जाड दिसते. म्हणून एका आकड्यावरून निकाल लावू नकोस.

खरं लक्ष बाळाच्या वाढीकडे दे. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी यांवरून वजनाचा अंदाज बांधतात. तो दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो. पोषण कमी पडलं, की आधी पोटाचा घेर मागे पडतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मापं घेतली, की वाढ चालू आहे का ते कळतं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेव. दिवसांचा पक्का हिशेब तिच्यावरूनच लागतो.

सोनोग्राफीहून आलीस, की घरचे ‘मुलगा की मुलगी?’ विचारतील, ते मला ठाऊक आहे. 2011च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त 842 मुली होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 साली कायदा केला, 1994 साली देशाचा झाला, तरीही! श्रावणात भक्तिभावाने कानबाई देवी बसवणाऱ्या खान्देशाला हे शोभत नाही. तू ठामपणे सांग, ‘बाळाची वाढ कशी आहे, एवढंच विचारा.’

लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस आणि त्यांच्यासोबत चहा घेऊ नकोस. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. शेजारच्या सुनेलाही सोबत ने. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर रिपोर्ट चांगला असला तरी थांबू नकोस. रात्र असो, पाऊस असो, त्याच वेळी दवाखाना गाठ.

तुझी,
मावशी