घरातला जकात नाका

आमच्या घरात माणसे पाच. अप्पा, मी, ही, चिरंजीव आणि धाकटी. शिरगणतीचा मनुष्य दारात आला तर तो हाच आकडा टिपून घेऊन शेजारच्या दाराकडे वळेल. पण हाच प्रश्न कोपऱ्यात हिरवे डोळे मिचकावीत बसलेल्या राउटरला केलात, तर तो चौदा म्हणून सांगतो. चार फोन, दोन लॅपटॉप, अप्पांचा टॅब, टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, विचारल्याविना बोलणारा एक स्पीकर, दोन दिवे आणि धाकटीच्या मनगटावरचे घड्याळ. होय, दिवेसुद्धा. परळच्या आमच्या जुन्या चाळीत दिवा लावायला बटण पुरत असे. आता तिच्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, दिवा लावायला वायफाय लागते.

पाच माणसांचा संसार मी गेली वीस वर्षे कसाबसा सांभाळीत आलो आहे. या चौदांचा संसार मात्र गणपतीनंतर हाताबाहेर गेला. रात्री आठ वाजले की टीव्हीवरचे चित्र गोठे, चिरंजीवांचा ऑनलाइन क्लास मुका होई आणि घरातली प्रत्येक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीकडे संशयाने पाही. कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा अत्यंत गोड आवाजात म्हणाला, “सर, लाइन आमच्याकडून ओके आहे. वापर तुमच्याच घरात होतोय.”

होत असेल. पण कोण करतो?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा असला प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. एक संगणक, एक टेलिफोनची तार, आणि जोडणी झाली की मोडेमची ती किंकाळी. कोण वापरतो आहे हे साऱ्या घराला ऐकू येई. आताचा कारभार बिनआवाजाचा.

आमच्या खालच्या मजल्यावर माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकणारा एक मुलगा राहतो. त्याला पोहे खाऊ घालून बोलावून आणले. त्याने प्रथम लॅपटॉपवर वायरशार्क नावाचे सॉफ्टवेअर दाखविले. जेराल्ड कोम्ब्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ते १९९८ साली इथिरियल या नावाने बाहेर काढले आणि २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. जगभरचे जाणकार ते वापरतात आणि पैसा पडत नाही. पडद्यावर रंगीत ओळींचा असा लोंढा सुरू झाला, की सकाळी साडेनऊला दादरच्या पुलावर उभे राहून प्रत्येक उतारूचे तिकीट वाचावे तसे मला झाले. शिवाय त्यात दिसत होती ती मुख्यतः त्या एका लॅपटॉपचीच ये-जा. “काका, हे डॉक्टरच्या दुर्बिणीसारखं आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला हवा आहे नाका.”

जकात नाका आठवतो ना? १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तोवर दहिसरला नि मुलुंडला ट्रकांच्या रांगा लागत. गाडी कुठून आली, कुठे चालली, वजन किती, याची तिथे नोंद होई. तसे दोन नाके या मुलाने आमच्या घरी बसविले. एक राउटरमध्येच होता: १९२.१६८.१.१ हा आकडा टाकला की त्याचे पान उघडते आणि कोणी किती माल आणला-नेला ते दिसते. दुसरा म्हणजे पत्त्याच्या पानाएवढ्या रास्पबेरी पाय या संगणकावर चालणारे पाय-होल. कुठल्याही उपकरणाला एखाद्या ठिकाणी जायचे असले, की आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारावा लागतो. ही विचारणा पाय-होलकडून जाते. जाहिरातींचे पत्ते तो सांगतच नाही. बाकीच्यांची वेळेसकट नोंद ठेवतो.

आतला मजकूर मात्र दिसत नाही, हे त्याने मला दोनदा बजावले. हल्ली बहुतेक सगळी पाकिटे चिकटवलेली असतात. कोणाचे, कुठे, केव्हा एवढे कळते. आत काय लिहिले आहे ते कळत नाही.

पहिल्या दिवशी यादीत एक अनोळखी फोन दिसला. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून सहा जोड्यांचा एक क्रमांक मिळतो आणि त्यातल्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी ओळखता येते. याची कंपनीच लागेना. मुलगा हसला. अँड्रॉइडचे फोन २०१९ पासून आणि आयफोन २०२० पासून प्रत्येक वायफायला निराळे, बनावट नाव सांगतात, म्हणजे कोणी माग काढू नये. तो हिचाच फोन होता! लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहीत, त्यातलाच प्रकार. माहेरी एक, सासरी एक.

“आणि आमच्या वाडीत काय कमी होतं?” ही म्हणाली. हिचे माहेर गिरगावातले. “समोरच्या खोलीतल्या काकू गॅलरीत बसायच्या. कोण आलं, कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं, सगळं पाठ. त्यांना वीजसुद्धा लागत नसे.”

दोन दिवसांत घरातली बरीच बिंगे फुटली. टीव्ही बंद केला तरी झोपत नाही. रात्रभर कुठे कुठे पत्ते विचारीत असतो. कॅमेरा बसविणाऱ्या माणसाने कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेला निघाला, तो मी त्याच संध्याकाळी बदलला. ही गोष्ट किरकोळ नव्हे. २०१६ साली मिराय नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असले साठ-एक ठरावीक पासवर्ड लावून पाहत जगभरातले लाखो कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर रोजी त्या फौजेने अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर अशी झुंबड उडविली की ट्विटर, नेटफ्लिक्स तासन् तास लोकांना दिसेनात. कोणाच्या तरी दारावरचा गरीब कॅमेरा त्यात सामील होता आणि घरमालकाला पत्ताही नव्हता.

आठच्या खोळंब्याचे कारण मात्र घरगुती निघाले. हिच्या फोनमध्ये दहा दिवसांच्या गणपतीचे व्हिडिओ होते. ही स्वयंपाक आटोपून फोन चार्जिंगला लावी आणि तो ते सगळे ढगात, म्हणजे क्लाउडमध्ये, चढवू लागे. आमच्या जोडणीत जायची वाट येण्याच्या वाटेहून अरुंद. येणाऱ्या मालाची पोच त्याच वाटेने परत जावी लागते. ती तुंबली की येणारा मालही अडतो. चढविण्याची वेळ रात्री दोनची करून टाकली. सगळे सुरळीत झाले. इथेच हा लेख संपला असता तर बरे झाले असते.

सकाळी हिचे व्हिडिओ चढले का ते पाहायला मी नोंद उघडली, तर दोननंतर आणखी कोणीतरी जागे. अप्पांचा टॅब. २.४० ते ४.१०. आदल्या दिवशी २.३५ ते ४.००. मागचे आठही दिवस तेच. नाव एका व्हिडिओच्या साइटचे.

अप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. परळच्या एका गिरणीत त्यांनी साच्यावर वीस वर्षे काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि ते जे बाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. रात्री साडेनऊला निजणारा हा माणूस. सकाळी “झोप लागली ना?” म्हटले की उत्तर ठरलेले: “झकास.”

चहाच्या वेळी मी सरळच विचारले, “अप्पा, तुम्हाला रात्री झोप येत नाही का?”

“कोणी सांगितलं?”

मी सांगितले. त्यांनी त्या पत्त्याच्या पानाएवढ्या डबीकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाले, “गिरणीच्या गेटवर झडती असायची आमची. खिसे चाचपायचे, डबा उघडून बघायचे. पण घरी जाऊन काय केलंस, हे नाही कोणी विचारलं.” आणि थोड्या वेळाने, “आडवं झालं की दम लागतो रे. बसलं की बरं वाटतं. मग दशावतार बघतो. आवाज बंद करून. संवाद पाठच आहेत.”

आडवे झाल्यावर दम लागणे ही झोपेची तक्रार नव्हे, हृदयाची. त्याच दिवशी डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. छातीत पाणी धरत होते. गोळ्या सुरू झाल्या, मीठ तोडले, पाठीशी दोन उशा आल्या.

त्या रात्री जेवताना मी नाक्याचे गुणगान करीत होतो, तोच चिरंजीवांनी विचारले, “बाबा, माझीही नोंद दिसते का?”

“सगळ्यांचीच दिसते.”

“तुम्ही बघता?”

मी त्याच्या ओळींवर कधी थांबलो नव्हतो; तसे सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. बारावीच्या मुलाच्या तोंडी न्यायालय कुठून आले कोण जाणे, पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, हे त्याने मला ऐकविले. मी म्हणालो, “हे नसतं तर अप्पांचं दुखणं कळलं असतं का?”

“त्यांच्या खोलीत झोपला असतात तर कळलं असतं,” तो म्हणाला.

यावर ही काहीच बोलली नाही. हिने त्याला आमटी वाढली.

मला अजूनही वाटते की नाका हवा. चौदा दारांच्या घराला कडी नको असे कोण म्हणेल? पण टीव्ही, कॅमेरा, दिवे यांच्यावर पहारा निराळा आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या रात्रींचा हिशेब निराळा, हेही पटते. पाय-होलमध्ये काही उपकरणे यादीतून वगळण्याची सोय आहे. रविवारी सगळ्यांसमोर बसून फोन, लॅपटॉप आणि ते घड्याळ वगळून टाकले. राउटरवर मालाचे वजन तेवढे दिसते. त्याला कोणाची हरकत निघाली नाही. चिरंजीव तरीही अधूनमधून वायफाय सोडून स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर जातात. आडवाटेने जाणाऱ्या गाड्या दहिसरलाही असत.

टॅब वगळायला गेलो तेव्हा अप्पा म्हणाले, “माझं राहू दे.”

ते तसेच आहे. काल रात्रीची नोंद ३.०५ ते ३.२०. सकाळी मी काही विचारले नाही. चहाचा कप खाली ठेवीत त्यांनी आपण होऊनच सांगितले, “पाणी प्यायला उठलो होतो.”