नंबर गेला, डोळा तोच!

माझ्या चष्म्याचा नंबर उणे १४. म्हणजे नाकापुढे चार बोटांच्या पलीकडचे सारे जग मला धुक्यात. सकाळी उठल्यावर पहिला शोध चष्म्याचा, आणि तो शोधायलाही चष्माच हवा! आमची कन्या माझ्याच वळणावर गेली, तीही नेमकी डोळ्यांच्या बाबतीत.

२२ व्या वर्षी तिने जाहीर केले, "बाबा, मी डोळ्यांत भिंग बसवून घेणार." माझ्या पोटात गोळाच आला. डोळ्यात कुसळ गेले तरी जीव कासावीस होतो. इथे अख्खे भिंग!

पण ही वाट जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या फुटलेल्या छतांचे पर्स्पेक्सचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले आणि तेथे निमूट राहिले. ते पाहून हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनला मोतीबिंदूच्या रुग्णाला कृत्रिम भिंग बसवले. १९५३ साली इटलीत स्ट्राम्पेली यांनी, डोळ्यातले मूळचे भिंग शाबूत ठेवून, लघुदृष्टीवर तोच उपाय करून पाहिला. पण त्या भिंगांनी पुढच्या पारदर्शक पडद्याला इजा होई. पुष्कळांची ती काढावी लागली. १९८६ साली मॉस्कोत फ्योदोरोव्ह यांनी भिंग बाहुलीच्या मागे नेले, आणि आजच्या भिंगांचा मार्ग सापडला.

आमच्या डॉक्टरांनी नीट समजावले. एवढ्या नंबरासाठी लेसरने पडदा तासला, तर तो फार पातळ होतो. त्यापेक्षा तीनेक मिलिमीटरच्या चिरेतून मऊ भिंग घडी करून आत सरकवायचे; आत ते उलगडते. वेळ पडलीच, तर काढताही येते. मात्र आत जागा पुरेशी हवी, नंबर स्थिर हवा.

शेवटी ते म्हणाले, "चष्मा जाईल, पण डोळा लघुदृष्टीचाच राहील." लांबट झालेला डोळा लांबटच राहतो, मागचे ताणलेले दृष्टिपटल ताणलेलेच. ते फाटण्याचा, सुटण्याचा धोका भिंगामुळे टळत नाही.

माझ्या वडिलांचा एक डोळा असाच गेला. डोळ्यापुढे काजवे चमकले, मग बाजूने काळी सावली सरकत आली. दुखत नव्हते, म्हणून ते आठ दिवस बोलले नाहीत.

कन्या आता चष्म्यावाचून हिंडते. तिला कधी चष्मा होता, हे लोक विसरले. तीही विसरू लागली आहे. म्हणून दरवर्षी दृष्टिपटल तपासायला मीच तिला पिटाळतो. ती कुरकुरते. कुरकुरू दे. चष्मा निदान रोज सकाळी आठवण तरी करून देत असे. आता ते काम बापाकडे आले आहे.