कोंबड्या झाकायच्यात

सूर्य कलला की आई कुठेही असली तरी उठायची. लग्नाचा मांडव असो, बारसं असो, नुकताच हातात आलेला चहा असो. पदर खोचत म्हणायची, 'कोंबड्या झाकायच्यात.' आमच्या कसाऱ्याच्या बाजूला या कारणाला कुणी हरकत घेत नाही. तिचं माहेर घाट चढून गेल्यावर, इगतपुरीच्या पलीकडे. तासाभराची वाट. पण चाळीस वर्षांत ती तिथे किती रात्री राहिली असेल? मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतील.

कोंबड्या कोंडायच्या असं आमच्याकडे म्हणत नाहीत. दूध झाकावं, राखेखाली विस्तव झाकावा, झोपल्या पोराला गोधडीने झाकावं, तशा कोंबड्या झाकायच्या. शब्द आला बांबूच्या डालग्यातून. ते उपडं घालायचं, वर दगड ठेवायचा, झाली रात्र. पुढे कोंबड्या वाढल्या, कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं खुराडं आलं, त्याला फळीचं दार आलं. पण शब्द तोच राहिला, दगडही तोच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आईला ताप भरला. फळी लावायला उशीर झाला, फार तर अर्धा तास. तेवढ्यात रानमांजर आत शिरलं. नेली त्याने एकच. चार तिथेच मारून टाकल्या. त्यांत अंड्यावर बसलेली एक खुडूक होती. शनिवारी मी पोचलो तेव्हा अंगण झाडून स्वच्छ होतं, फक्त कुडाच्या कारवीत दोन-तीन पिसं अडकून राहिली होती. आई मांजराला काही बोलली नाही. 'माझंच चुकलं. वेळेवर झाकल्या नाहीत,' एवढंच म्हणाली. तिच्या या एका वाक्यासाठी मला वेळेवर आपोआप लागणारं दार करायचं होतं.

अर्धं काम कोंबड्या स्वतःच करतात. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, म्हणून संधिप्रकाशातच त्या एकामागून एक खुराड्यात शिरतात, दांडीवर जागेसाठी थोडं भांडतात आणि गप्प होतात. त्यांच्यामागे कुणीतरी दार लावायचं, एवढंच उरतं.

कुर्ल्याच्या भंगारातून गाडीच्या काचेची मोटर आणली. ही मोटर आपल्या वर्म गेअरने चाक फिरवते, पण चाक ओढून मोटर फिरत नाही. म्हणून तर गाडीची काच हाताने दाबून खाली जात नाही. लॅमिंग्टन रोडवरून घड्याळाची चकती आणि लिमिट स्विच आणले. ॲल्युमिनियमच्या दोन पन्हाळींत वरखाली सरकणारा पत्रा, त्याला दोरी, वर बॅटरी, छपरावर सौर पॅनल. पहिल्या संध्याकाळी दार अलगद उतरलं आणि मी खूश झालो. मग आईने खाली वाकून दोन बोटं पत्र्याखाली घातली आणि दार सहज वर उचललं. 'मांजराला पंजे असतात,' ती म्हणाली.

दोरीवरचं दार खालून उचललं जातं. दोरीऐवजी लोखंडी दांडा लावला तर ते उचललं जाणार नाही. पण मग ते मोटरच्या जोराने खाली येणार आणि वाटेत कोंबडीची मान आली तर? या पेचात माझे तीन आठवडे गेले. शेवटी दार दोरीवरच ठेवलं, आपल्या वजनाने हळू उतरणारं. ते तळाला टेकलं की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप आडव्या पडतात. सकाळी दोरी ताणली की आधी खिट्ट्या उठतात, मग दार. कोंबडी सापडलीच तर तिच्या पाठीवर पत्र्याचं वजन येतं, मोटरचं बळ येत नाही. खुराड्याला अर्ध्या इंची वेल्डिंगची जाळी मारली. नेहमीची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मांजराला बाहेर ठेवेलच असं नाही. आणि तीच जाळी भोवतीच्या जमिनीवर दीड हात पसरून दगडांनी दाबली. घूस असो की मुंगूस, उकरायला लागतात ती भिंतीच्या पायाशीच. दोन पावलं मागे सरून उकरावं हे त्यांना सुचत नाही.

उजेड ओळखणारा डोळाही मी बसवला होता. जुलैत घाटातून धुकं उतरलं आणि दुपारी चारलाच दार बंद झालं. कोंबड्या बाहेर पावसात भिजत उभ्या. तो डोळा काढून टाकला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयातले सूर्यास्त घड्याळात भरले. जूनअखेर सव्वासातच्या पुढे, नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास. रेंगाळणाऱ्यांसाठी वर अर्धा तास.

बॅटरी संपली तर दार उघडं राहावं की बंद? याचं उत्तर मला बाबांनी दिलं, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. ते रेल्वेत होते. १८६५ साली इगतपुरीपर्यंत सुरू झालेल्या आमच्या या घाटातल्या लोहमार्गाला ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी तिथे कॅच सायडिंग असतं, डोंगराकडे चढत जाणारा आडरूळ. बाबा सांगायचे, त्याचे सांधे नेहमी त्या आडरुळाकडेच लावलेले. गाडी आधी पूर्ण थांबते, ताब्यात आहे हे दाखवते, मगच तिला सरळ वाट मिळते. गाडी बेफाम सुटली, तर कुणी काही न करताही ती चढावर जाऊन थांबावी. मीही तसंच केलं. बॅटरी उतरू लागली की शेवटच्या ताकदीने दार बंद होतं आणि हाताने उघडेपर्यंत बंदच राहतं. आत पाण्याचं भांडं भरलेलं असतं.

दिवसाढवळ्या येणारं मुंगूस या दाराने अडत नाही. पिल्लांवर झेपावणारा शिक्रा अडत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत आमच्याच तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला आणि हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा आई कितीतरी दिवस एकेकीला उचलून तिचे डोळे बघायची. ते कुठल्या दाराने अडणार?

गेल्या मार्गशीर्षात ती पहिल्यांदा माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आली. संध्याकाळी सहाला उठून गॅलरीत गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. साडेसहाला दार पडलं असणार. 'पडलं असेल,' मी म्हणालो. 'पडलं असेल रे. पण आत किती गेल्या?' दार मोजत नाही, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं.

शेजारच्या पोरीला फोन लावला. ती बॅटरी घेऊन गेली, जाळीतून मोजलं. अकरा. बारावी, ती नेहमी रेंगाळणारी तांबडी तलंग, खुराड्याच्या छपरावर सौर पॅनलला टेकून बसली होती.

'तिला धर,' आई फोनवर म्हणाली. 'ओटीवर डालगं आहे बघ, फळीमागे. त्याखाली झाक. दगड ठेव वर.'

पलीकडून थोडी फडफड ऐकू आली, मग दगड टेकल्याचा आवाज. आईने फोन मला दिला आणि सतरंजीवर पाय पसरून बसली.