यादीत खाला कुठे होत्या?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौदा जण चंद्रपूरहून दोन गाड्यांनी निघालो. हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प मुलांना दाखवायचा होता. सगळे नियोजन मोबाइलच्या अ‍ॅपवर. आम्हाला त्याचा कोण अभिमान!

आलापल्लीला ओळखीच्या घरी जोहरची नमाज अदा केली. निघायची वेळ अडीचऐवजी दोन केली आणि अ‍ॅपवर टाकली. जंगलाचा रस्ता लागला, नेटवर्क गेले. पुढे थांबलो तेव्हा कळले, खाला कोणत्याच गाडीत नाहीत. प्रत्येकाला वाटले होते, त्या दुसऱ्या गाडीत असतील. तसेच मागे फिरलो. खाला त्या घराच्या ओट्यावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. एवढेच म्हणाल्या, "बेटा, तुमच्या मोबाइलात मी होते का?"

नव्हत्या. त्यांच्याकडे मोबाइल नाही आणि नंबराशिवाय अ‍ॅप नाव घेत नव्हते.

अ‍ॅप आम्ही आजही वापरतो. पण आता सर्वांची नावे आणि वेळा मराठी-उर्दूत कागदावर लिहून दोन्ही गाड्यांत लावतो. बदल तोंडी सांगतो. मोजणी सर्वांत वडीलधाऱ्यापासून सुरू करतो. शाळेच्या सहलीत मुले मोजल्याशिवाय आम्ही गाडी हलू देत नाही. घरच्या सहलीत मात्र मोजणी मोबाइलवर सोपवली होती.