मोटर चांगली, पाइप पाझरतो

फुप्फुसात पाणी झालं म्हटलं की आपण लगेच "हार्टचं काहीतरी" म्हणतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. हृदय दमलं की मागे दाब तुंबतो, पाणी फुप्फुसात उतरतं, आणि लघवी वाढवणारं औषध दिलं की पेशंटला आराम पडतो. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविड झाल्यावर तिवस्याच्या मामांना अमरावतीला अ‍ॅडमिट केलं, तेव्हा इको नॉर्मल आणि एक्स-रे मात्र दोन्हीकडून पांढरा! डॉक्टर म्हणाले, एआरडीएस.

मामा संत्र्याच्या बागेतला माणूस. मामेभावाने त्यांना एका वाक्यात समजावलं, "बाबा, मोटर चांगली हाय, पाइप पाझरून रायला." इतकं सोपं मलाही जमलं नसतं. सूज आल्यामुळे बारीक रक्तवाहिन्याच गळू लागतात.

हा आजार पहिल्यांदा नीट मांडला गेला १९६७ मध्ये, १२ पेशंटवरून. गंमत अशी, की गळती बुजवणारं हमखास औषध आजही नाही. फुप्फुसं सावरेपर्यंत ऑक्सिजन द्यायचा, सलाइन मोजून द्यायचं, मूळ कारणावर उपचार करायचे आणि आपल्या हाताने आणखी इजा करायची नाही. २००० साली अमेरिकेतल्या एका चाचणीत व्हेंटिलेटरचा श्वास किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर केला, तर मृत्यू शंभरात ४० वरून ३१ वर आले. कमी दिल्याने जास्त जगले! २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या गंभीर पेशंटना रोज १६ तास पालथं ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आले. पालथं झालं की पाठीकडचा दबलेला भाग उघडतो.

मामा व्हेंटिलेटरवर नव्हते, पण त्यांनाही पालथं व्हायला सांगितलं. मामा भडकले, "काऊन रे, लहान पोरावानी पालथं झोपू काय मी?" शेवटी मामींनी फोनवरून दम दिला तेव्हा कुठे वळले. ऑक्सिमीटरचा आकडा ८६ वरून ९२. मामेभाऊ दर अर्ध्या तासाला मला मेसेज करायचा, फक्त आकडा. पुण्यात बसून मी तेवढंच वाचत होतो.

सोबत डेक्सामेथासोन होतं. अगदी स्वस्त औषध. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटचे प्राण ते वाचवतं, हे ब्रिटनमधल्या चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं. ऑक्सिजन लागत नसेल तर मात्र फायदा दिसला नाही, म्हणून ते घरच्या घरी सुरू करू नका.

मामा सोळाव्या दिवशी घरी आले. बागेपर्यंत चालायला दोन महिने लागले.

तुमच्या घरी कधी अशी वेळ आली, तर भारी इंजेक्शनच्या मागे धावण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: बिघाड मोटरीत आहे की पाइपात?